लवूचा आवाज

लवूचा आवाज मोठा होता. मोठा म्हणजे रागीट नव्हे. सत्तावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढलेल्या माणसाचा आवाज असतो तसा. शेकड्यांनी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम खडखडत असत, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. त्यात लवूचे कान गेले. आणि कान गेले की आपण किती मोठ्याने बोलतो ते माणसाला कळत नाही. तो भाजीवाल्याला विचारी, "मेथी कशी दिलीस?" आणि भाजीवाल्याला वाटे, हा भांडायलाच आलाय.

संपानंतर गिरणी पुन्हा चालू झाली तेव्हा लवूला आत घेतलं नाही. ओळखीने गोरेगावात एका फिल्म स्टुडिओत वॉचमनची नोकरी मिळाली. पहिल्या आठवड्यात त्याला शूटिंगच्या दारावर उभं केलं होतं. आत सगळे चिडीचूप झाले, नटी रडायला लागली, आणि लवूने दाराबाहेर चहावाल्याला विचारलं, "साखर घातलीस ना रे?" नटी रडता रडता हसली. दुसऱ्या दिवसापासून लवूची बदली रस्त्यावरच्या मोठ्या फाटकावर झाली. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

ऐकून सगळ्यात जास्त हसे ती जानकी, त्याची बायको. तिला ही गोष्ट पाठ होती, तरी हसे.

दिंडोशीच्या चढावर आठ खोल्यांची एक चाळ होती. सहाव्या खोलीत ही दोघं राहत. मूलबाळ नव्हतं. सातव्या खोलीत कुंडलिक आणि द्रौपदी हे बीडकडचं जोडपं. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत म्हणजे पत्रा आणि त्यावर ठोकलेलं प्लायवूड. इकडे शिंक आली की तिकडून "शंभर वर्षं जग" ऐकू येई. द्रौपदीने पूर्वी इमारतींच्या कामावर रेती वाहिली होती. आता दम्यामुळे ती घरी बसून ब्लाउजांना हुक लावी. लवूला तिचा खोकला ऐकू येत नसे, पण जानकीला यायचा. ती म्हणायची, "आज द्रौपदीक बरा नाय."

जानकीला स्वतःला बरं नव्हतं त्याला तीन वर्षं झाली होती. छातीत गाठ निघाली, परळच्या हॉस्पिटलात डावा स्तन काढला, मग रेडिएशनचे शेक घेतले. वर्षभर बरी होती. मग खोकला आला, धाप लागायला लागली. फुफ्फुसात पाणी झालं होतं. दोनदा सुईने काढलं, पुन्हा भरलं. पंच्याऐंशीच्या जानेवारीत डॉक्टरांनी लवूला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. दुखण्यावर गोळ्या देऊ. लवूने "बरं" म्हटलं. ते इतक्या मोठ्याने म्हटलं की बाकावर बसलेल्या जानकीने वर बघितलं.

त्याच दिवशी हॉस्पिटलातल्या एका ताईंनी चिठ्ठी दिली. गोरेगावात एका मंडळाच्या हॉलमध्ये नलिनीबाई नावाच्या बाई अशा आजारी बायकांसाठी योगाचा वर्ग घेतात. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार. पैसे नाहीत. चटई आपली आणायची.

लवूने चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्याला हुरूप आला. डॉक्टरांकडे काही उरलं नव्हतं, तर इथे काहीतरी होतं.

नलिनीबाई साठीच्या, शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेल्या. अंगाने काटक, बोलायला सडेतोड. वर्गात दहा-अकरा बायका असत. कोणाच्या डोक्याला रुमाल, कोणाचा हात सुजलेला. लवूला वाटलं होतं, बाया डोक्यावर उभ्या राहतील. तसलं तिथे काही नव्हतं. खुर्चीवर बसून हात हळूहळू वर न्यायचा, जाईल तेवढाच. मान फिरवायची. मग पाठीमागे उशा लावून टेकायचं, डोळे मिटायचे, श्वास आत, श्वास बाहेर. मग तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा. शेवटी पडून राहायचं. बाई अगदी हळू बोलत. दाराबाहेर बसलेल्या लवूला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत.

पहिल्याच दिवशी जानकी तिथे झोपली. वर्ग संपला तरी उठेना. लवू घाबरून आत गेला, तर बाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

"झोपू द्या," त्या त्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या. "कधीपासून झोपली नाहीये?"

"दोन महिने!" लवू म्हणाला आणि जानकीसकट चार बायका जाग्या झाल्या.

घरी येताना रिक्षात जानकी म्हणाली, "त्या बाई बोलत होत्या ना, तेवा माका वाटला, कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यानी हा. धाप लागली तरी भिऊक झाला नाय."

लवूला एवढंच कळलं की औषध लागू पडलं.

बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं. घरी रोज एकदा, सहा श्वास, मग भुंग्याचा आवाज तीनदा, मग पडून राहणं. लवूची पाळी सकाळी सहा ते दोन. तीनला तो घरी आला की जेवून लगेच कागद घेऊन बसे. जानकी उशांना टेकून डोळे मिटी. आणि लवू सुरू करी.

"श्वास घे!"

चाळीच्या टोकाच्या खोलीतली मांजर उठून बसे.

"सोड! सावकाश! डोळे मीट! कपाळ सैल सोड!"

पोरं बाहेर त्याची नक्कल करत. कोणी म्हणे, लवूची गिरणी चालू झाली. जानकी डोळे मिटून हसे आणि हसण्यात श्वास चुके.

"जरा हळू बोला ओ. तुमी 'कपाळ सैल सोड' म्हणतास तेवा माका वाटता वरना काय तरी पडला."

"हळूच तर बोलतंय!"

"हा हळू?"

लवू प्रयत्न करी. आवाज खाली आणला की त्याला तो स्वतःलाच ऐकू येत नसे. मग त्याला वाटे, आपण बोललोच नाही. आणि तो पुन्हा मोठ्याने म्हणे.

तरी महिनाभर ते चाललं. जानकीला वर्गात जितकं बरं वाटे तितकं घरी वाटत नसे, पण ती तसं म्हणत नसे. नवरा कागद हातात धरून, चष्मा नाकावर घेऊन समोर बसतो, हे तिला आवडे.

चूक झाली ती होळीच्या सुमाराला. लवूने गिरणीत चार चार साचे सांभाळले होते. जास्त साचे चालले की जास्त कापड निघतं, हे त्याच्या हाडात बसलं होतं. त्याला वाटलं, सहा श्वासांनी एवढी झोप लागते, तर जास्त केले तर छातीतलं पाणी का नाही आटणार? त्याने जानकीला न सांगता सहाचे दहा केले. दहाचे वीस. सकाळी पाळीवर जायच्या आधीही एक फेरी चालू केली. जानकी मोजत नसे. ती डोळे मिटून त्याच्या आवाजाबरोबर करत राही. एका शनिवारी दुपारी त्याने चाळीस करायचे ठरवले.

तिसाव्याला जानकीचे ओठ निळे पडले. हातापायाला मुंग्या आल्या, बोटं वाकडी झाली. तिने हवेत हात मारला. लवूला वाटलं, जोर लावतेय. तो म्हणाला, "शाब्बास! घे!" तेवढ्यात द्रौपदी हातातल्या ब्लाउजसकट धावत आत आली. तिने जानकीला पुढे वाकवून धरलं आणि पाठ चोळली.

"भाऊ, माणूस हाय का इंजन?" ती लवूवर ओरडली. तेवढं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

मंगळवारी त्याने बाईंना स्वतःहून सांगितलं. वर्ग अजून भरायचा होता. जानकी खुर्चीवर बसली होती.

"किती करायला लावलेत?" बाईंनी विचारलं.

"चाळीस."

"मी किती लिहून दिले होते?"

"सहा."

"मग?"

"म्हटलं, जास्त केले तर लवकर..."

"लवूभाऊ, हा काही तुमचा साचा नाही. इथे जास्त चालवून जास्त कापड निघत नाही."

"मग काय निघतं?"

"आजचा दिवस निघतो. दुखणं आहे तेवढंच राहतं, पण जीव घाबरत नाही. थोडी झोप लागते. दोन घास जास्त जातात. बास."

"म्हणजे ती बरी नाही होणार?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला?"

"त्यांनी सांगितलं. तुम्ही नव्हतं सांगितलं."

बाईंनी हातातली चटई खाली ठेवली. मग त्या त्याच्या समोर आल्या आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलल्या. "मग मी सांगते. नाही होणार बरी. योगाने कॅन्सर जात नाही. जातो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारात उभा करू नका."

लवूचा आवाज चढला. "मग हे सगळं तिच्यासमोर कशाला बोलायचं?"

"माका म्हायत आसा," जानकी खुर्चीवरून म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"शेक संपले तेवापासना म्हायत आसा. तुमका वाईट वाटात म्हणान बोललंय नाय." ती दम घ्यायला थांबली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, माका मरणाचा काय नाय. आमच्या शेजारची म्हातारी गेली ती घुसमटान गेली. डोळे बाहेर इले होते तिचे. दोन दिवस तसा चालला होता. माका तसा जावचा नाय. तेवढा जमात तर बघा."

बाईंनी तिचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला. "श्वास कमी होत जाईल ते मला थांबवता येणार नाही. पण घाबरणं कमी करता येतं. घाबरलं की धाप दुप्पट होते. ते शिकता येतं. आपण तेवढंच शिकू."

"आणि बाई नसल्या तर?" जानकीने विचारलं. "घरी?"

बाईंनी लवूकडे पाहिलं. लवूने खाली पाहिलं.

त्या दिवशी घरी जाताना तो रिक्षात एक शब्द बोलला नाही. चाळीच्या चढावर जानकीला पाठीवर घेतलं, तेव्हा ती कानाशी म्हणाली, "रागावलास?" त्याला ते ऐकू आलं नाही. पण तिच्या श्वासाची ऊब कानाला लागली, आणि तो म्हणाला, "नाय."

एप्रिलच्या शेवटी जानकीला वर्गाला जाणं झेपेना. रिक्षाचा धक्का बसला तरी बरगडी दुखे. नलिनीबाई एकदा घरी येऊन उशा कशा रचायच्या ते दाखवून गेल्या. एक पाठीला, एक मानेला, एक डाव्या हाताखाली. दाराशी उभं राहून त्या लवूला म्हणाल्या, "सहाच. आणि हळू. तुमचा आवाज तिच्यापर्यंत गेला पाहिजे, तिच्यावर आदळता कामा नये."

सांगणं सोपं होतं. लवूने नळावर उभं राहून हळू बोलायची सवय करून पाहिली. द्रौपदीच्या नवऱ्याला, कुंडलिकला, समोर उभं केलं. "आता?" कुंडलिक मान हलवी. "आता?" कुंडलिक म्हणाला, "भाऊ, मगाच्यापेक्षा बरं हाय. पण अजून पोलीस वाटताव."

जानकीला आता दिवसातून दोन-तीनदा धाप लागे. ती लागली की तिचे डोळे मोठे होत, हात दोरी शोधल्यासारखे हवेत फिरत. लवू ओरडे, "घाबरू नको! घाबरू नको गो!" आणि ती अजून घाबरे. मग तो गप्प बसे. गप्प बसला की ती त्याच्याकडे बघत राही, जणू तो खोलीतून निघून गेला आहे. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती द्यायला त्याच्याकडे साधन म्हणून होता तो फक्त आवाज. तोच बिघडलेला.

मे महिन्यात चाळीच्या मागे चार मजली इमारत उठत होती. एका सोमवारी, लवूच्या सुट्टीच्या दिवशी, तिचा स्लॅब पडणार होता. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्येच थांबवत नाहीत. सकाळी सातला मिक्सर चालू झाला. खडी, रेती, पाणी पोटात घेऊन तो लोखंडी ड्रम गरगर फिरत होता. घमेली आपटत होती, वरून खालून माणसं ओरडत होती. प्लायवूडची भिंत थरथरत होती. कपाटातल्या बशा वाजत होत्या. अख्खी चाळ कानावर हात ठेवून बसली होती. लवूला मात्र ते ओळखीचं वाटलं. गिरणीबरोबर अंगातून गेलेली ती थरथर त्याला पुन्हा तळपायात लागली.

अकराच्या सुमाराला जानकीला धाप लागली. सकाळपासून त्या आवाजाने ती हैराण होतीच. ती उठून बसली, पदर ओढून काढला, तोंड उघडलं. लवू तिच्यासमोर उकिडवा बसला. ओरडून उपयोग नव्हता, आज त्याचा आवाजसुद्धा तिला ऐकू गेला नसता. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

आणि लवूचे ओठ आपोआप हलले. आवाज नाही, नुसते ओठ.

"डब्यात काय हा?"

जानकी थबकली.

वीस-बावीस वर्षांपूर्वी ती त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बायका तिथे कांड्यांवर सूत भरत. लवू कांड्या न्यायच्या निमित्ताने यायचा. त्या गोंगाटात सगळी माणसं ओठांनी आणि बोटांनी बोलत, आणि पंधरा पावलांवरून समजत. तो रोज हेच विचारायचा, डब्यात काय हा? आणि ती तोंड फिरवायची. महिनाभराने तिने उत्तर दिलं होतं. त्याच्यानंतर मोठ्या माणसांनी बसून लग्न ठरवलं, पण बोलणं आधीच झालं होतं आणि त्यात आवाज नव्हता. ती गिरणीतून निघाली, मग तो निघाला. घरात त्या बोलण्याचं काही काम पडलं नाही.

जानकीच्या ओठांचे कोपरे हलले. धापेतच तिने ओठ जुळवले.

"बांगडो."

"भाजलेलो का तिकल्यातलो?"

"तुका कित्याक होयो?"

तिला हसू आलं. हसण्यात एक लांब श्वास बाहेर गेला. लवूने तो पाहिला. नलिनीबाईंनी कागदावर लिहिलं होतं, आधी बाहेर जाऊ द्यायचा. त्याने उजवा तळहात वरून खाली आणला, गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, साचा सावकाश थांबवायला सांगतो तसा, आणि ओठांनी म्हणाला, "सो-ड." मग हात वर उचलला. "घे." पुन्हा खाली. तिचे डोळे त्याच्या तोंडावर चिकटले होते. सहा वेळा. मग तिचे खांदे खाली आले. मिक्सर तसाच घरघरत होता आणि त्यात ती दोघं निवांत बसली होती.

"डोळे मीट," तो ओठांनी म्हणाला.

तिने मान हलवली. "नाय. डोळे मिटले की भेव वाटता. असाच बरा."

दुसऱ्या दिवशी मिक्सर नव्हता, तरी त्यांनी तसंच केलं. दारातला उजेड लवूच्या तोंडावर पडेल असा त्याने पाट मांडला. ते जमलं. दोन दिवसांनी जानकी म्हणाली, "एक सांगू? मिशी आड येता. वरचो ओठ दिसना नाय."

तो उठून तडक न्हाव्याकडे गेला. गिरणीत असताना मिशी नव्हती, ती पुढे वाढवली आणि आता पांढरी झाली होती. सगळी उतरवून परत आला. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनी त्याचं तोंड पाहिलं आणि एकीच्या हातातली कळशी खाली आली. घरातलं माणूस गेलं की पुरुष मिशी काढतात.

"अगं बाई! कधी झालं?"

द्रौपदी तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. लवूला काही ऐकू येईना. तो म्हणाला, "काय झाला?" तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

"ओ बायांनो, मी आसय हय! जिती आसय!"

त्या दिवशी जानकी इतकी हसली की संध्याकाळपर्यंत मधूनच हसू फुटत होतं. स्टुडिओच्या फाटकावर दोघांनी लवूचे हात हातात घेऊन "वाईट झालं" म्हटलं. त्यांना समजावता समजावता त्याची पाळी संपली.

असे अडीच महिने गेले. त्यांतले सगळे दिवस बरे नव्हते. दुखणं वाढलं, गोळ्या वाढल्या, जेवण पेजेवर आलं. पण धाप लागली की लवू समोर पाट मांडी. भुंग्याचा आवाज ती काढी, तेव्हा तो मागे बसून तिच्या पाठीवर तळहात ठेवी. त्याला तो ऐकू येत नसे, तळहातात मात्र लागे. एखाद्या चालू साच्यावर हात ठेवावा, तसा. तो बाईंना निरोप पाठवी, "हातात चांगला लागतो." बाई उलट निरोप पाठवत, "सहाच ना?" तो म्हणे, "सहाच."

चाळीला वाटलं, लवूने ते सगळं सोडून दिलं. गिरणी बंद झाली म्हणून पोरांनी नक्कल सोडली. एकदा दुपारी द्रौपदीने दारातून डोकावून विचारलं, "भाऊ, हल्ली शाळा न्हाई का?"

लवूला वाटलं, ही टोमणा मारतेय. चाळीस श्वासांचा तो दिवस त्याच्या मनातून गेला नव्हता. तो म्हणाला, "बंद केली! सगळ्यांचे कान किटले होते ना!"

द्रौपदी काहीतरी बोलणार होती. मग तशीच परत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी जानकीचं अंग पुसायला येई, लवू पाळीवर असताना जवळ बसे. पण शाळेचं पुन्हा तिने काढलं नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी लवूची सुट्टी होती. सकाळी उजाडता उजाडता जानकी उठवून बसवा म्हणाली. त्याने तीन उशा रचल्या. तिचा श्वास वरच्या वर चालला होता, मध्येच थांबे आणि पुन्हा सुरू होई. लवूला ते कळलं. त्याने दार उघडलं, उजेड आत घेतला आणि पाट मांडून समोर बसला. हात वर, हात खाली. ती बघत होती. तिचे हात मांडीवर पडून होते. हवेत फिरले नाहीत.

थोड्या वेळाने तिने ओठ हलवले. तो पुढे वाकला.

"पाठीक हात."

तो मागे जाऊन बसला, तिला छातीशी टेकवून घेतली आणि मध्ये तळहात ठेवला. ती भुंग्याचा आवाज काढत होती. त्याला लागत होता. एकदा लागला. बऱ्याच वेळाने पुन्हा लागला, बारीक. मग श्वास नुसताच येत गेला. मग एक गेला आणि दुसरा आला नाही. लवू हात तसाच ठेवून बसला. समोरच्या पत्र्यावर ऊन आलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते. ते तिने कधी मिटले ते त्याला दिसलं नव्हतं.

स्मशानात न्हावी वस्तरा घेऊन आला, लवूच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमची तर आधीच काढलेली दिसते." लवू म्हणाला, "तिनेच काढायला लावली." लोक एकमेकांकडे बघू लागले.

तेरावं झालं. गावाकडचे आले होते ते गेले. नलिनीबाई येऊन बसून गेल्या. लवू सहा ते दोन पाळीवर जाई, तीनला परत येई. जेवण द्रौपदी झाकून ठेवी. मग करायला काही नसे. उशा त्याने एकावर एक रचून कपाटावर ठेवल्या होत्या. पाट तेवढा तिथेच होता.

एका दुपारी द्रौपदी ताट न्यायला आली ती दारातच उभी राहिली. ती त्याच्या समोर आली, त्याला तोंड दिसेल असं, आणि म्हणाली, "भाऊ, एक इचारू का? रागावू नका."

"विचार."

"ती शाळा पुन्हा चालू कराल का?"

लवूला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. "काय?"

"तुमी वहिनींना सांगायचाव ना, घे, सोड, कपाळ सैल सोड. म्या पलीकडं बसून करायचे. हुक लावता लावता. माझा दमा लई बसला व्हता त्यानं. तीन-चार महिन्यांत येकदा बी उबळ न्हाई आली. मग तुमी आवाज बंद केला आन् माझं बंद पडलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"इचारलं की. तुमी म्हनलाव कान किटले." तिने ताट उचललं. "वहिनींना ठावं व्हतं. त्या म्हनायच्या, बसून घे गं, फुकटाची शाळा हाय."

लवू तिच्याकडे बघत राहिला. जानकीने त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. हळू बोला म्हणून ती रोज सांगे, पण गप्प राहा असं एकदाही म्हणाली नव्हती.

"चाळीस केले त्या दिवशी तू पण केलेस?"

"म्या धा करून सोडून दिलं. मला काय मरायचं व्हतं?"

लवूला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं. द्रौपदी ताट घेऊन गेली. तिकडे तिच्या खोलीत पाट सरकल्याचं त्याला ऐकू आलं नाही, पण प्लायवूडची भिंत जराशी हलली, ती टेकून बसली असावी.

त्याने कपाटाच्या फळीवरून बाईंचा कागद काढला. चष्मा लावला. कागदाची त्याला गरज नव्हती, तरी उलगडून समोर धरला. भिंतीकडे तोंड करून तो पाटावर बसला.  अडीच महिने जानकीशी तो ओठांनीच बोलला होता, आणि त्यानंतर फारसा बोललाच नव्हता.

"श्वास घे," तो म्हणाला.

पलीकडून भिंतीवर दोनदा थाप पडली. भिंतीला टेकलेल्या गुडघ्यात ती त्याला लागली. मग द्रौपदी जोरात ओरडली. ते त्याला ऐकू आलं.

"भाऊ, काय बी ऐकू येत न्हाई! मोठ्यानं म्हना!"

लवूने घसा साफ केला.

"श्वास घे!" तो म्हणाला. टोकाच्या खोलीतली मांजर उठून बसली. "सोड! सावकाश! सहाच करायचे!"